जुन्या शब्दांची उसनवारी

१५७९ साली लंडनमध्ये ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ नावाचे कवितांचे पुस्तक निघाले. वर्षाच्या बारा महिन्यांची बारा गोपगीते, कवीचे खरे नाव गुलदस्त्यात आणि प्रत्येक गीताच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ. अर्थ देणाऱ्यानेही स्वतःची ओळख ‘ई. के.’ एवढ्या दोन आद्याक्षरांतच ठेवली होती. इंग्रज कवीने इंग्रज वाचकांसाठी लिहिलेल्या नव्याकोऱ्या कवितेला इंग्रजीतूनच शब्दार्थ जोडावे लागले, कारण एडमंड स्पेन्सरने त्यात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या, चॉसरच्या काळातल्या शब्दांची उसनवारी केली होती. पुस्तक ज्याला अर्पण केले त्या सर फिलिप सिडनीलाही ही जुनाट, गावरान भाषा पटली नाही आणि काव्यावरच्या आपल्या निबंधात त्याने तसे लिहून ठेवले. बेन जॉन्सनच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या टिपणांत तर याहून कडक निकाल आहे. प्राचीनांची नक्कल करण्याच्या नादात स्पेन्सरने लिहिली ती कुठलीच भाषा नव्हे, असे त्याचे म्हणणे.

जुने शब्द लेखकाने वापरावेत का आणि वापरलेच तर किती, हा वाद इंग्रजीत तेव्हापासून सुरू आहे. त्यात शिरण्यापूर्वी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. शेक्सपियरचे ‘हॅथ’, ‘डथ’, ‘दाउ’ हे शब्द आज जुने वाटतात, पण त्याच्या प्रेक्षकांच्या ते रोजच्या कानावरचे होते. स्पेन्सरचे ‘व्हाइलम’ म्हणजे पूर्वी, ‘एफ्टसून्स’ म्हणजे लगेच, ‘इक्लॅड’ म्हणजे वस्त्र ल्यालेला, हे मात्र त्याच्या समकालीनांनाही जुनेच होते. शेक्सपियरच्या शब्दांना काळाने जुने केले. स्पेन्सरने जुनेपणा हाताने निवडला. दोघांना एकाच मापाने मोजले की गोंधळ होतो आणि अनेक वाचकांचा तो होतो.

स्पेन्सरच्या निवडीमागे कारण होते. सोळाव्या शतकात इंग्रजीत लॅटिन आणि ग्रीक शब्दांचा पूर लोटला होता. पंडितांच्या शिंगाच्या दौतीतून उतरलेले म्हणून त्यांना ‘इंकहॉर्न’ शब्द म्हणत. केंब्रिजचा ग्रीक पंडित सर जॉन चीक याने त्याविरुद्ध दुसरे टोक गाठले. मत्तयकृत शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने ‘सेंच्युरियन’ऐवजी ‘हंड्रेडर’, ‘लुनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ आणि ‘क्रूसिफाइड’ऐवजी ‘क्रॉस्ड’ असे शब्द घडवले. स्पेन्सरला ना परक्यांची आयात हवी होती, ना कारखान्यात घडवलेले देशी शब्द. त्याने घरातल्या जुन्या ठेव्याला हात घातला. ‘शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये तो ठेवा अधूनमधून अंगावर येतो हे खरेच. पण १५९० आणि १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फेअरी क्वीन’मध्ये तीच भाषा शोभते, कारण तिथले सरदार, राक्षस आणि मंतरलेली अरण्ये कोणत्याच चालू काळातली नाहीत. जॉन्सनचा निकाल त्या महाकाव्याला लागू करणे अन्याय्य आहे.

उसनवारीत घोटाळेही झाले. चॉसरने ट्रॉयलसच्या प्रेमकथेत आपला नायक सरदाराला साजेसे काम ‘करण्याचे धाडस करण्यात’ कुणाला हार जाणारा नव्हता, अशा अर्थाची रचना केली होती. पंधराव्या शतकातल्या लिडगेटने ती उचलली, छापताना तिचे रूप बदलले आणि स्पेन्सरने त्या दोन क्रियापदांना एक नाम समजून ‘डेरिंग-डू’ म्हणजे पराक्रम असा शब्द घेतला. ई. के. यांनी त्याचा अर्थही तसाच दिला. पुढे वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’त तो वापरला आणि आज तो प्रत्येक इंग्रजी कोशात आहे. चुकीच्या वाचनातून जन्मलेला शब्द चारशे वर्षे टिकला.

जाणूनबुजून जुने लिहिणे शेक्सपियरलाही येत होते. १६०९ साली छापलेल्या ‘पेरिक्लीस’ नाटकात दोनशे वर्षांपूर्वी, १४०८ साली, वारलेला कवी जॉन गॉवर स्वतः रंगमंचावर सूत्रधार म्हणून येतो. तो बोलतो आखूड, यमक जुळवलेल्या ओळींत आणि त्यात तेव्हाही मागे पडलेले शब्द पेरलेले आहेत. नाटकाचा पहिला भाग बहुधा जॉर्ज विल्किन्सचा, त्यामुळे सगळे श्रेय शेक्सपियरला देता येत नाही. पण योजना चोख आहे. मेलेला कवी बोलतो म्हणून मेलेले शब्द, आणि इतर पात्रांच्या तोंडी चालू भाषा.

आता ‘दाउ’. इंग्रजीतल्या जुन्या शब्दांत सर्वांत ठळक हाच आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच्याच वाट्याला आलेला. आजचा इंग्रजी वाचक तो प्रार्थनेत ऐकतो आणि त्याला वाटते, हा फार आदराचा शब्द. मूळ इंग्रजीत तो साधा एकवचनी होता. ‘यी’ आणि ‘यू’ अनेकवचनी. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच दरबारी रीत मुरली, तेराव्या शतकापासून वडीलधाऱ्या एका माणसालाही अनेकवचन लावायची पद्धत आली आणि ‘दाउ’ जवळिकीचा, हाताखालच्यांना लावायचा किंवा अपमान करायचा शब्द झाला. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. विठोबाला वारकरी सहसा ‘तुम्ही’ म्हणत नाही. आईला ‘तू’, वडिलांना बहुतेक घरांत ‘अहो’, आणि रस्त्यावरच्या भांडणात अनोळखी माणसाला ‘तू’ म्हटले की प्रकरण हातघाईवर येते. देव, आई आणि शत्रू या तिघांना एकच सर्वनाम कसे चालते, हे इंग्रजी विद्यार्थ्याला तळटीप वाचून कळते. इथे ते पाळण्यापासून माहीत असते.

१६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला ‘दाउ’ म्हणून संबोधले आणि आपण मुद्दाम तसे म्हणतो आहोत हेही ऐकवले. ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये सर टोबी एका भित्र्या उमेदवाराला द्वंद्वाचे आव्हान लिहायला शिकवतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला दोन-तीनदा ‘दाउ’ म्हणायची युक्ती सुचवतो. पण या सर्वनामाचा सर्वांत भेदक उपयोग ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात आहे. केंट हा राजनिष्ठ सरदार प्रथम राजाशी दरबारी अदबीने बोलतो. राजा आपल्या धाकट्या मुलीला हाकलतो, केंटचे ऐकत नाही, आणि त्या क्षणी केंट त्याला ‘दाउ’ म्हणतो, वर म्हातारा म्हणतो. सगळ्या दरबारासमोर राजाला अरे-तुरे! आजच्या इंग्रजी प्रेक्षकाला इथे केंट चिडला एवढेच दिसते. त्या काळच्या प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकला असेल.

सतराव्या शतकाच्या मध्यात हा शब्द लंडनच्या बोलण्यातून ओसरत होता, नेमक्या त्याच वेळी क्वेकर पंथीयांनी तो धर्मतत्त्व म्हणून उचलला. देवापुढे सगळे समान, तर न्यायाधीशालाही ‘दाउ’ आणि मोलकरणीलाही ‘दाउ’, अशी जॉर्ज फॉक्सची भूमिका. त्यासाठी त्याच्या अनुयायांनी शिव्या आणि मार खाल्ला. १६६० मध्ये फॉक्सने दोन सहकाऱ्यांसह एक पुस्तकच काढले आणि अनेक भाषांतले दाखले देऊन, एका माणसाला एकवचनच लावायला हवे असे व्याकरणाने सिद्ध केले. सगळ्यांना समान करण्याचे काम इंग्रजीने शेवटी केले, पण उलट्या बाजूने: सगळेच ‘यू’ झाले. यॉर्कशरच्या बोलीत मात्र ‘दाउ’चे ‘था’ हे रूप विसाव्या शतकातही खाणकामगारांच्या तोंडी होते. लंडनच्या कोशात जुना ठरलेला शब्द बार्न्सलीच्या गल्लीत जिवंत असू शकतो, हे अभ्यासकही कधी कधी विसरतात.

‘दाउ’ला देवघरात बसवले ते १६११ च्या किंग जेम्स बायबलने. त्या भाषांतरात देव, राजा, नोकर आणि सैतान, सगळ्यांना एकवचनात ‘दाउ’च आहे, कारण भाषांतरकार मूळ हिब्रू आणि ग्रीकमधले एकवचन-अनेकवचन काटेकोर पाळत होते. शिवाय ही भाषा १६११ सालीही ताजी नव्हती. १५२६ साली छापलेला विल्यम टिंडलचा नवा करार तिच्या पायाशी होता. टिंडलला १५३६ मध्ये पाखंडी ठरवून मारले, पण अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे किंग जेम्सच्या नव्या करारातले चार पंचमांशांहून अधिक शब्द त्याचेच आहेत. म्हणजे छापले त्या दिवशीच हे बायबल ऐंशीहून अधिक वर्षे जुन्या भाषेत होते. क्रियापदाला लागणारे ‘-एथ’ हे शेपूटही तेव्हा मुख्यतः लिहिण्यापुरते उरले होते. रिचर्ड हॉजेसने १६४३ मध्ये नोंदवले आहे की लोक लिहितात ‘-एथ’ आणि वाचतात ‘-स’. याच बायबलात निर्जीव वस्तूसाठी ‘इट्स’ हे रूप जवळजवळ नाही. मिठाच्या दृष्टांतात मीठ ‘त्याची’ चव गमावते, ती ‘हिज’ने. ‘इट्स’ तेव्हा नुकते रांगायला लागले होते.

खरी फसगत मात्र अनोळखी शब्द करत नाहीत. ‘एफ्टसून्स’ दिसला की वाचक कोश उघडतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द त्याला बेसावध गाठतो. जुन्या इंग्रजीत ‘लेट’ म्हणजे होऊ देणे, तसेच दुसऱ्या मुळाचा ‘लेट’ म्हणजे अडवणे. हॅम्लेट आपल्याला अडवणाऱ्याला धमकी देतो तेव्हा हा दुसरा शब्द वापरतो आणि अर्थ नेमका उलटा लागतो. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की पंच ‘लेट’ म्हणतो, तो याच शब्दाचा उरलेला अवशेष. शेक्सपियरचे ‘प्रेझंटली’ म्हणजे आत्ताच्या आत्ता. ‘फॉन्ड’ म्हणजे पुष्कळदा मूर्ख. ‘नॉटी’ म्हणजे दुष्ट किंवा कवडीमोल. बायबलमध्ये ‘सफर’ म्हणजे होऊ द्या, ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी जाणे, ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे आचरण, ‘क्विक’ म्हणजे जिवंत, ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. ज्युलिएट सज्जातून ‘व्हेअरफोर’ म्हणते तेव्हा ती रोमिओला शोधत नसते. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’. तू नेमका शत्रूच्या घराण्यातला रोमिओ का, असा तिचा आक्रोश आहे. कित्येक शाळकरी ज्युलिएटा कपाळावर हात आडवा धरून अंधारात टेहळणी करतात आणि त्या दृश्यातले दुःखच हरवते.

अठराव्या शतकात जुन्या शब्दांनी एका मुलाचा घास घेतला. ब्रिस्टलच्या थॉमस चॅटरटनचे वडील तो जन्मण्यापूर्वीच गेले होते. त्यांनी सेंट मेरी रेडक्लिफ चर्चच्या दप्तरखान्यातून आणलेले जुने चर्मपट घरात पडून होते आणि मुलाची अक्षरओळखही जुन्या वळणाच्या अक्षरांवरच झाली. पुढे त्याने पंधराव्या शतकातला थॉमस राउली नावाचा एक धर्मगुरू-कवी कल्पिला आणि त्याच्या नावावर कविता, पत्रे, नाट्य असे सगळे लिहून काढले. लेखक होरेस वॉलपोल आधी भुलला, मग संशय आल्यावर त्याने हात झटकले. २४ ऑगस्ट १७७० रोजी लंडनमध्ये, वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षी, चॅटरटन सोमलाच्या विषाने गेला.

‘राउली’च्या कविता १७७७ मध्ये पुस्तकरूपाने काढल्या त्या थॉमस टर्विटने. चॉसरचा एवढा जाणता संपादक त्या काळी दुसरा नव्हता आणि त्यानेच व्याकरणाच्या आधारे त्या बनावट असल्याचे दाखवले. चॅटरटनने चॉसरकाळी अनेकवचनी असलेली क्रियापदाची रूपे एकवचनी कर्त्याला लावली होती. शंभर वर्षांनी वॉल्टर स्कीटने त्याची साधनेही उघड केली. कर्सीच्या १७०८ च्या कोशात ‘जुना’ अशी खूण असलेले शब्द वेचून चॅटरटनने स्वतःसाठी सूची केली होती. आधी चालू इंग्रजीत कविता रचायची आणि मग सूचीतून शब्द बदलायचे. कोशातल्या चुकाही त्यामुळे कवितेत जशाच्या तशा आल्या. तरी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: त्या मुलाच्या कवितेत प्राण होता. कीट्सने १८१८ मध्ये ‘एन्डिमियन’ त्याच्याच स्मृतीला अर्पण केले, ते दया म्हणून नव्हे.

स्कॉटने त्यातून धडा घेतला. १८१९ च्या अखेरीस निघालेल्या ‘आयव्हॅन्हो’च्या अर्पणपत्रिकेत त्याने चॅटरटनची चूक नाव घेऊन सांगितली आहे: जुने वाटावे म्हणून त्याने प्रत्येक चालू शब्द टाकला आणि कधीच कोणी न बोललेली भाषा तयार झाली. स्कॉटचा उपाय व्यवहारी होता. वाचकाला कळेल अशी भाषा, तिच्यात बेताने जुने शब्द, आणि त्या काळाला न शोभणारे नवे शब्द वर्ज्य. युरोपभर ऐतिहासिक कादंबरी याच मापावर बेतली गेली. भाडोत्री योद्ध्यांसाठी त्याने वापरलेला ‘फ्री लान्स’ आज मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक मुक्त पत्रकाराला लागतो. हा शब्द मध्ययुगीन वाटतो, पण तो रूढ केला स्कॉटनेच.

स्कॉटच्याच नावावर एक करुण छपाईचूकही आहे. ‘द मोनॅस्टरी’ कादंबरीत ‘मोर्स’ असे एक क्रियापद छापले गेले. वाचकांनी ते जुने मानले आणि विद्वानांनी त्याची व्युत्पत्ती लॅटिनपर्यंत नेली. हस्तलिखित पाहिले तेव्हा स्कॉटने साधे ‘नर्स’ म्हणजे मनात जोपासणे असे लिहिले होते; जुळाऱ्याने अक्षरे चुकवली होती. अशा कधीच नसलेल्या शब्दांना स्कीटने १८८६ मध्ये ‘भूतशब्द’ असे नाव दिले. दुकानांच्या पाट्यांवरचे ‘ये ओल्ड’ही याच जातीचे. जुन्या इंग्रजीत ‘थ’साठी ‘थॉर्न’ नावाचे वेगळे अक्षर होते. हाताने लिहिताना ते ‘वाय’सारखे दिसू लागले आणि छपाईच्या खिळ्यांत ते नसले की जुळारी ‘वाय’ लावत. वाचायचे मात्र ‘द’च. ‘ये’ असे कोणी म्हणतच नव्हते.

जुनेपणा आवरण्याचा धडा स्कॉटच्या आधीही एकाने घेतला होता. कवी कोलरिजने ‘एन्शंट मरिनर’ १७९८ मध्ये जुन्या स्पेलिंगांत छापली आणि १८०० च्या आवृत्तीत त्यातली बरीचशी स्वतःच काढून टाकली. कविता त्याने उजळली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या शब्दांचे शास्त्र आणि जुन्या शब्दांचा सोस दोन्ही शेजारी शेजारी वाढले. रिचर्ड ट्रेंचने १८५७ मध्ये लंडनच्या भाषाशास्त्रीय संस्थेत मांडले की कोशाने शब्दांची निवड करायची नसते, नोंद करायची असते, मग ते शब्द मेलेले का असेनात. त्यातून ऑक्सफर्डचा महाकोश उभा राहिला. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. अवतरणे १८ लाखांहून अधिक. मेलेल्या शब्दापुढे कट्यारीची खूण, आणि अजून मुद्दाम वापरला जाणारा पण जुना झालेला शब्द असेल तर ‘आर्केइक’ असा शेरा. हा भेद इतक्या काटेकोरपणे यापूर्वी कोणी केला नव्हता.

सोसाच्या बाजूला विल्यम मॉरिस होता. आइसलंडच्या सागा, ‘ओडिसी’, १८९५ मध्ये ‘बेओवुल्फ’ अशी भाषांतरे त्याने एवढ्या जुन्या शब्दांत केली की ‘बेओवुल्फ’ला शेवटी शब्दसूची जोडावी लागली. १८८८ मध्ये एका समीक्षकाने या भाषेला ‘वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश’ म्हटले. लंडनच्या त्या रस्त्यावर जुने आणि जुने भासवलेले लाकडी सामान विकले जाई. स्टीव्हन्सनने आपल्याच ‘द ब्लॅक अॅरो’तल्या असल्या भाषेला ‘टशरी’ म्हटले, आणि १९२६ मध्ये फाउलरच्या शब्दप्रयोगकोशाने दोन्ही नावांमागची नापसंती नियमात बसवली. मॉरिसचे वाचन अफाट होते, हेतू शुद्ध होता. पण परक्या काव्याच्या भाषांतरात त्याने वाचकासमोर दुसरी परकी भाषा ठेवली, हा आक्षेप टिकतो.

नवकाव्याने हा सोस संपवला. १९११ मध्ये एझ्रा पाउंड आपला ‘कान्झोनी’ संग्रह घेऊन जर्मनीत फोर्ड मॅडॉक्स फोर्डकडे गेला, तेव्हा त्यातली कृत्रिम जुनाट भाषा ऐकून फोर्ड अक्षरशः जमिनीवर लोळला. त्या लोळण्याने आपली दोन वर्षे तरी वाचली, असे पाउंडने पुढे कृतज्ञतेने लिहिले.

आणि तरीही विसाव्या शतकात जुन्या शब्दांचा सर्वांत जाणता वापर झाला तो टोल्कीनकडून. पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या महाकोशात ‘डब्ल्यू’च्या शब्दांवर त्याने काम केले होते. ‘ऑर्क’, ‘एंट’, ‘मॅथम’ हे त्याचे शब्द थेट जुन्या इंग्रजीतले. एका वाचकाने त्याच्या भाषेवर ‘टशरी’चा आरोप केला, तेव्हा १९५५ मधल्या एका पत्राच्या मसुद्यात त्याने थिओडेन राजाचे बोलणे चालू इंग्रजीत करून दाखवले: तसे बोलणारा माणूस तसा विचारच करणार नाही. जुना शब्द विचारासह यायला हवा, हा त्याचा मुद्दा चारशे वर्षांच्या या वादातला सर्वांत भक्कम आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात त्याने एक गंमतही नोंदवली आहे. हॉबिटांच्या बोलीत आदरार्थी रूपच उरले नव्हते. म्हणून पिपिन हा हॉबिट गोंडोर राज्याच्या कारभाऱ्याला सरळ एकेरीत बोलला आणि नगरातल्या लोकांनी त्याला मोठा राजपुत्र समजले.

प्रार्थनेतून जुने शब्द हळूहळू गेले. अमेरिकेच्या १९५२ च्या सुधारित बायबलाने ‘दाउ’ फक्त देवासाठी राखला, १९८९ च्या आवृत्तीने तोही काढला. कायद्यातून ते गेले नाहीत. मुंबईतला इंग्रजी करारनामा आजही ‘विटनेसेथ’ म्हणत सुरू होतो, ते ‘-एथ’ टिंडलच्या काळचेच आहे. ‘थ्राइस’ हा शब्द इंग्लंड-अमेरिकेत पुस्तकी झाला, भारतीय इंग्रजीत तो सहज बोलला जातो.

पालग्रेव्हच्या १८६१ च्या ‘गोल्डन ट्रेझरी’तून इंग्रजी कविता शिकलेल्या इथल्या पिढ्यांना हे शब्द परिचयाचे होते, पण बहुधा सजावट म्हणून. आता शेक्सपियर हाती घेणाऱ्या मराठी वाचकाने एवढे करून पाहावे. टिपा असलेली आवृत्ती घ्यावी, ओळखीच्या शब्दांच्या टिपा आधी वाचाव्यात आणि ‘यू’वरून ‘दाउ’वर संवाद जिथे घसरतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. सुरुवात ‘किंग लिअर’च्या पहिल्या प्रवेशाने करावी, आणि शेजारी विंदा करंदीकरांचा १९७४ चा ‘राजा लिअर’ उघडून ठेवावा.